आधी पायलट हो, मग गा?

ताई नमस्कार,

पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीला 64 टक्के, मित्रांच्या मेटल बँडमध्ये गातो आणि आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन याच्यासाठी वेडा आहे. तुमच्या मिस्टरांनी कुठेतरी वाचलं की हा ब्रूस विमानपण चालवतो, तेव्हापासून घरात एकच धोशा, "आधी पायलट हो, मग काय गायचं ते गा, तुझा हिरोपण तेच करतो." फीसाठी राहता फ्लॅट गहाण ठेवायची तयारी आहे आणि तुम्ही विचारलंय की हे जमेल का.

जमण्या न जमण्याचं सांगते, पण पत्राच्या मधेच तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात तिथे मी अडकले. बाबांनी त्याच्याकडून 500 च्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय की बारावीचा निकाल लागेपर्यंत घरात किंवा बाहेर कुठेही गाणार नाही, खाली त्याची सही, साक्षीदार म्हणून मामाची सही. आणि पुढे तुम्ही लिहिता, "तेव्हापासून खूप समजूतदार झालाय, सगळ्याला हो म्हणतो, जेवणसुद्धा ताट घेऊन खोलीत करतो." ताई, राग मानू नका, पण हा समजूतदारपणा नाहीये. त्याने तुमच्याशी बोलणं बंद केलंय. सतरा वर्षांचा मुलगा आई-बाबांशी वाद घालतो तोपर्यंत ठीक असतं, कारण तुमचं मत बदलेल अशी त्याला आशा असते, आणि तो सगळ्याला हो म्हणायला लागला की ती आशा त्याने सोडलेली असते आणि पुढचे बेत तो तुम्हाला वगळून करायला लागतो.

ब्रूसचंच बघा ना. 1958 चा जन्म, नॉटिंगहॅमशरमधलं वर्कसॉप हे खाणकामगारांचं गाव, आजोबा कोळशाच्या खाणीत. आई-वडिलांनी कष्टाने वर येऊन पोराला मोठ्या बोर्डिंग स्कूलला घातलं, तिथून त्याला काढून टाकलं, मग शेफिल्डच्या शाळेतून बाकीचं शिक्षण. घरच्यांना वाटायचं याने आर्मीत जावं. त्याने काय केलं, तर सांगितलं की आधी डिग्री घेतो मग आर्मीत जातो, आणि लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजला इतिहासाला ॲडमिशन घेतली. हे सगळं घरच्यांना दाखवायला होतं, तिथे पोचल्या पोचल्या पठ्ठ्या बँड शोधायला लागला, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलंय. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत नापास, राहण्याची फी थकलेली, कॉलेज काढून टाकायच्या बेतात, पण विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांची जबाबदारी त्याच्याकडे होती म्हणून वाचला. शेवटी सेकंड क्लासमध्ये डिग्री पूर्ण केली, हेही तुमच्या मुलाला सांगा, कारण त्याच्या डोक्यात बहुतेक असेल की रॉकस्टार शिक्षण अर्धवट सोडूनच होतात. पण मला काळजी त्या आधीच्या भागाची आहे. घरी खरं बोलायची सोय नव्हती म्हणून पोरगं एक सांगून दुसरं करत होतं, आणि तुमच्या घरात तर त्यासाठी स्टॅम्पपेपर आणलाय.

आता बाबांचा गैरसमज. "तुझा हिरोपण तेच करतो" हे खरंय, पण क्रम पूर्ण उलटा लावलाय. ब्रूस आधी सॅमसन नावाच्या बँडमध्ये गायला, 1981 ला आयर्न मेडनमध्ये आला, 1982 मध्ये त्याने गायलेला पहिलाच अल्बम ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला. विमान शिकला तो थेट नव्वदच्या दशकात, फ्लोरिडामध्ये, तिशी ओलांडल्यावर, स्वतःच्या पैशाने आणि फक्त आवड म्हणून. मग एकेक लायसन्स, एकेक रेटिंग घेत घेत अ‍ॅस्ट्रेअस या एअरलाइनमध्ये बोइंग 757 चा कॅप्टन झाला. 2008 ला बँडने तसंच विमान त्या एअरलाइनकडून भाड्याने घेतलं, मागच्या सीट काढून तिथे सगळं सामान भरलं, आणि वर्ल्ड टूरचा पहिला शो आपल्या मुंबईत, 1 फेब्रुवारीला, बीकेसीच्या मैदानात. कॉकपिटमध्ये तोच आणि स्टेजवरही तोच. मला या माणसाबद्दल फार आदर आहे आणि तो याचसाठी की त्याला विमानाचं खरोखर वेड होतं, गाण्याची परवानगी मिळावी म्हणून तो काही पायलट झाला नाही. तुमच्या मुलाला विमानाची आवड आहे असं अख्ख्या पत्रात एकदाही आलेलं नाही. ज्याला आवड नाही त्याला पन्नास लाखांच्या घरातल्या ट्रेनिंगला पाठवायचं आणि नंतर त्याच्या गळ्यात कर्जाचं ओझं, हे मला अजिबात पटत नाही.

तुम्ही हेही विचारलंय की असं ओरडून गायल्याने गळ्याचा कॅन्सर होतो का, कारण ब्रूसला झाला होता. 2014 च्या शेवटी त्याच्या जिभेच्या मागच्या भागात गाठ निघाली, किमो-रेडिएशन झालं, मे 2015 मध्ये डॉक्टरांनी बरा झाला म्हणून सांगितलं आणि 2016 च्या टूरला तो गात होता आणि जम्बो 747 पण उडवत होता. त्याचं कारण एचपीव्ही व्हायरस होतं, गाणं नाही, हे तो उघडपणे बोलतो. चुकीच्या पद्धतीने ओरडलं तर आवाज मात्र नक्की बसतो, तेव्हा त्याला चांगल्या गुरूकडे घाला, शास्त्रीय शिकवणारे असले तरी चालतील, श्वास आणि सूर सगळीकडे लागतोच.

सीईटीचा फॉर्म भरू दे, त्यात काही वाद नाही. पण दहावीला इतिहासात त्याला सगळ्यात जास्त मार्क होते असं तुम्हीच लिहिलंय, मग बीए हिस्टरीचं नाव काढल्यावर घरात एवढा गहजब कशाला? साउंडमध्ये जायचं म्हटलं तरी पुण्याच्या एफटीआयआयच्या कोर्सला आधी ग्रॅज्युएशन लागतंच. बँड चालेल न चालेल, ते मी नाही सांगू शकत, बहुतेक बँड चालत नाहीत हे त्यालाही सरळ सांगा, पण सांगा, लिहून घेऊ नका.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रॅक्टिस, बाकी अभ्यास, असं त्याच्याशी समोर बसून ठरवा आणि त्यालापण बोलू द्या. पुढचं पत्र त्याने स्वतः लिहिलं तर मला जास्त आवडेल, तुम्ही आधी वाचायचं नाही. आणि पायलटचं खूळ एवढं करूनही गेलं नाही तर निदान पायलटसाठी लागणारी पहिली वैद्यकीय तपासणी, म्हणजे क्लास टू मेडिकल, आधी करून घ्या, ती फारच कमी खर्चात होते, आणि तोपर्यंत बँकेच्या कुठल्याही कागदावर तुम्ही सही करू नका.

तुमची,
मार्गदर्शक ताई