"तो मना काय लागस?"

आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या अमळनेर तालुक्यातल्या एका आईंनी खुर्चीवर टेकता टेकताच अहिराणीत विचारलं, "ताई, तो मना काय लागस?" म्हणजे, तो मुलगा माझा कोण लागतो? (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांची मुलगी सात वर्षं पुण्यात दुसऱ्या एका मुलीबरोबर राहते. दोघींचा संसारच आहे. मुलगा त्या दुसरीच्या पोटचा, दोन वर्षांचा. आई मात्र दोघींनाही म्हणतो.

"लोके काय म्हनतीन" ही काळजी होतीच. पण खरी भीती दुसऱ्या भेटीत बोलल्या: उद्या त्या दुसरीचं काही बरंवाईट झालं, तर तिच्या घरचे पोराला उचलून नेतील आणि माझी पोर रिकाम्या घरात बसेल.

ही भीती खरी आहे, हे आम्ही आधी मान्य केलं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात अशा विवाहाला मान्यता मिळाली नाही, आणि लग्न न झालेल्या जोडप्याने मिळून दत्तक घेण्याची मुभा 3 विरुद्ध 2 मतांनी नाकारली गेली. एकट्या बाईला दत्तक घेता येतं, कृत्रिम गर्भधारणेचे उपचारही घेता येतात. कागदावर आई मात्र एकच. जन्मदाखल्यात वडिलांचा रकाना रिकामा ठेवता येतो. दुसऱ्या आईसाठी रकानाच नाही.

म्हणून पहिलं काम मृत्युपत्राचं. 1956 च्या हिंदू अल्पवयीनत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 9 नुसार लग्न न झालेल्या जन्मदात्या आईला आपल्या पश्चात मुलाचा पालक मृत्युपत्रातून नेमता येतो. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्यावीच; घरचेच भांडायला उभे राहिले की सही खरी की खोटी यातच महिने जातात. नेमणुकीचं कारणही लिहावं: पोराला रोज कोण भरवतं, तापात रात्रभर कोण जागतं. कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं. लसीकरणाचं कार्ड, बालवाडीच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, जिथे जिथे दुसऱ्या आईची सही आहे ते सगळं एका फायलीत ठेवावं.

बहुतेक जोडपी इथेच चुकतात: बँकेत एकमेकींना नॉमिनी लावून निर्धास्त होतात. संयुक्त खातं आणि नॉमिनी, दोन्हींना आडकाठी नाही, हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी येत नाही. ती ठरते मृत्युपत्रावरून.

आणि कागद पक्का असला तरी त्या दुसरीच्या आई-वडिलांनी दावा लावला तर पोर ओढाताणीत सापडतंच. दावा लागूच नये, यासाठी दोन्ही घरांची ये-जा हवी. सुरुवात कुठून करायची? आईंच्या डोक्यात कानबाईचे रोट होते, म्हणजे श्रावणात कानबाई देवीसाठी भाऊबंद मिळून करतात तो नैवेद्य. आम्ही नको म्हटलं. रोट भाऊबंदांचे, तिथे चुलत्यांशी वाद ठरलेला. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मात्र लेकीचीच! लेकरू कडेवर घेऊन लेक माहेरी येते, यात कुणाला नवल नाही. मुराळी, म्हणजे लेकीला आणायला जाणारा, पाठवा, निरोप दोघींच्या नावाने द्या. शेजारणीने विचारलंच तर एवढंच सांगा, "मनी आंडेरना पोऱ्या शे", माझ्या लेकीचा मुलगा आहे. त्यापुढे खुलासा करत बसू नका, खुलासा लांबला की लोकांना प्रश्न सुचतात.

आखाजीच्या चार दिवस आधी त्यांचा फोन आला. मृत्युपत्र लिहून झालंय, नोंदणी बाकी आहे. त्या दुसऱ्या मुलीची आई अजून बोलत नाही. धाकटा भाऊ गाडी घेऊन पुण्याला निघालाय. आणि घाईघाईत: "ताई, नातूले आंबाना रस चालस ना?"