भडका उडण्याआधी

प्रिय,

डोक्याला मार लागून काही महिने झाले, चालणं-बोलणं सुधारलं, आणि आता कुकरची शिट्टी झाली तरी तू आईवर खेकसतोस. तुझा स्वभाव बिघडलेला नाही. राग आवरण्याचं काम मेंदूच्या पुढच्या, कपाळामागच्या भागाचं. डोकं जोरात आपटलं की हाच भाग कवटीच्या खडबडीत हाडावर घासतो.

त्यामुळे भडका उडाल्यावर आवरणं तुला फार जड जाणार. जे करायचं ते आधी. दोन आठवडे वहीत लिही: किती वाजता चिडलास, त्याआधी काय चाललं होतं, झोप किती झाली, शेवटचं कधी खाल्लंस. बऱ्याच वह्यांमध्ये संध्याकाळ, गोंगाट, भूक आणि दोघांनी एकदम बोलणं पुन्हापुन्हा दिसतं. तुझी वेळ सापडली की तिच्याआधी अर्धा तास शांत खोलीत पडून राहा, मोबाइल बाहेर ठेवून. पुरतं थकल्यावर घेतलेल्या विश्रांतीचा तेवढा उपयोग होत नाही.

कान तापले, जबडा आवळला, की 'आलोच' म्हणून उठायचं, हे घरच्यांशी आधीच ठरवून ठेव. साधारण 20 मिनिटांनी परत ये आणि राहिलेलं बोलणं पुरं कर. परत यायचं चुकवलंस तर त्यांना वाटेल तू रुसलास; मग पुढच्या वेळी ते समजूत घालायला मागोमाग येतील आणि तिथेच भांडण पेटेल.

मनात काही नसताना रडू किंवा हसू फुटतं, ती गोष्ट वेगळी. त्यावर औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टना जरूर सांग. फिटसाठी लेव्हेटिरासेटाम ही गोळी चालू असेल तर तिनेही चिडचिड वाढू शकते. पण गोळी स्वतःहून बंद करू नकोस, फिट येण्याचा धोका असतो. डॉक्टर पर्याय देऊ शकतात. दारू अजिबात नको.

सुधारणा होत असताना उदासी वाढली तर घाबरू नकोस. काय गमावलं ते आता कुठे उमगायला लागतं. मात्र ती दोन आठवडे हटली नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी कुणाला तरी जवळ बोलाव आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. तिथे मराठीत बोलता येतं. वागणं अचानक बदललं आणि सोबत वाढती डोकेदुखी, उलट्या किंवा गुंगी असेल, तर घरच्यांनी तुला तडक रुग्णालयात न्यायला हवं.

पुढच्या तपासणीला वही घेऊन जा आणि आईलाही ने. या दुखापतीत आपलंच बदललेलं वागणं कधीकधी आपल्याला दिसत नाही. ते तिला सांगता येईल.