'नैराश्य', 'भ्रमनिरास' आणि बेकमान यांची 'रात्र'

एका वाचकाने अशी विचारणा केली आहे: माक्स बेकमान या जर्मन चित्रकाराच्या 'रात्र' या चित्राविषयी 'युद्धोत्तर नैराश्य आणि भ्रमनिराश यांचे प्रतिबिंब असलेले अभिव्यक्तिवादी चित्र' असे वाक्य त्यांच्या वाचनात आले. त्यातला दुसरा शब्द 'भ्रमनिराश' लिहावा की 'भ्रमनिरास', आणि तो शब्द व 'नैराश्य' या दोन्हींचा अर्थ निराशाच असेल तर ते जोडीने वापरणे ही द्विरुक्ती ठरत नाही का?

लेखनाचा प्रश्न चटकन सुटण्यासारखा आहे. शुद्ध रूप 'भ्रमनिरास', शेवटी दंत्य स. 'निरास' हा शब्द 'निर्' हा उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू यांपासून आला असून दूर सारणे, नाहीसे करणे हा त्याचा अर्थ आहे. 'शंकानिरसन' या रोजच्या शब्दातले 'निरसन' त्याचेच भावंड. 'निराशा' आणि 'नैराश्य' यांच्या मुळाशी मात्र 'आशा' आहे. दोन्ही शब्दांचा उच्चार जवळचा आणि प्रसंगही बहुधा दुःखाचे, त्यामुळे स चा श होतो आणि एकदा तो झाला की अर्थही 'भ्रमामुळे आलेली निराशा' असा भलतीकडे सरकतो.

मुळात भ्रमनिरास ही चांगली गोष्ट मानली गेली आहे. अंधारात दोरीला साप समजून घाबरलेल्या माणसाला दिवा आणल्यावर दोरी दिसते, तेव्हा त्याचा भ्रम निरसतो. वेदान्ताच्या परिभाषेत हे ज्ञान होय. समर्थांनी दासबोधात भ्रमाच्या निरूपणासाठी एक स्वतंत्र समासच दिला आहे, आणि तिथेही भ्रम जाणे हे साधकाचे इष्टच आहे. आजच्या मराठीत या शब्दाला विश्वास तुटल्याच्या वेदनेची छटा आली आहे, आणि ती आता स्थिरावलेली असल्याने नाकारण्याचे कारण नाही. तरीही एक अट कायम राहिली, ती म्हणजे आधी भ्रम असला पाहिजे. ज्याने कशावर विश्वासच ठेवला नाही, त्याला नैराश्य येऊ शकते. त्याचा भ्रमनिरास होऊ शकत नाही.

बेकमान यांच्या बाबतीत ही अट नेमकी पूर्ण होते. 1914 मध्ये ते स्वेच्छेने रुग्णसेवक म्हणून पहिल्या महायुद्धात गेले, आधी जर्मनीच्या तेव्हाच्या पूर्व प्रशिया प्रांतात आणि पुढे बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये. या अनुभवाने आपल्या कलेला खाद्य मिळते आहे, असे ते पत्नीला पत्रांतून कळवत होते. जखमी आणि मृत यांच्या सहवासात 1915 मध्ये त्यांची प्रकृती मानसिकदृष्ट्या ढासळली, आणि त्यानंतर ते फ्रँकफर्टला येऊन राहिले. युद्ध माणसाला आणि कलेला काही तरी उदात्त देईल, अशी त्या वेळच्या जर्मनीतील अनेक कलावंतांची समजूत होती, आणि ती अशाच ठिकाणी संपली.

'रात्र' हे चित्र ऑगस्ट 1918 ते मार्च 1919 या काळातले आहे. ते आता द्युसेलडॉर्फ येथील संग्रहात आहे. माळ्यावरच्या अडचणीच्या खोलीत शिरलेले लोक एका कुटुंबाचा छळ करत आहेत. डावीकडे घरातल्या पुरुषाला गळफास लावला आहे आणि डोक्याला पट्टी बांधलेला, तोंडात पाइप धरलेला एक जण त्याचा हात पिरगाळतो आहे. पुढच्या बाजूला एका स्त्रीचे हात खिडकीला बांधलेले आहेत, तर उजवीकडे टोपी डोळ्यांवर ओढलेला माणूस मुलाला घेऊन निघाला आहे. जमिनीवर ग्रामोफोनचा कर्णा दिसतो आणि दोन मेणबत्त्यांपैकी एक आडवी पडली आहे. मला या चित्रात सर्वांत भयंकर वाटतो तो पाइप, कारण हात पिरगाळताना तो तोंडातून काढावा इतकीही या कामाची त्या माणसाला मातब्बरी वाटलेली नाही.

आता मूळ वाक्याकडे वळू. चित्रातली माणसे निराश आहेत असे म्हणणे अपुरे आहे. त्यांच्या वाट्याला यातना आल्या आहेत. नैराश्य आहे ते चित्रकाराच्या दृष्टीत, कारण सुटकेची वाट त्याने कुठेच ठेवलेली नाही आणि छळामागचे कारणही सांगितलेले नाही. 'नैराश्य' ही अशी ठाण मांडून बसलेली अवस्था आहे: ते येते, ग्रासते, घेरते. 'भ्रमनिरास' ही घडून जाणारी गोष्ट आहे: तो होतो किंवा कोणी तरी करतो. म्हणूनच 'मला भ्रमनिरास वाटला' हे मराठीला खटकते आणि 'माझा भ्रमनिरास झाला' हे सहज येते. भ्रमनिरास हे कारण आणि नैराश्य हा परिणाम असल्यामुळे हे शब्द जोडीने आले तर द्विरुक्ती होत नाही; मात्र 'आणि' घालून ते समान पातळीवर ठेवले की त्यांच्यातला हा संबंध पुसला जातो.

'विषाद' चालेल का, असाही विचार मनात येतो. मला तो इथे नको वाटतो. गीतेमुळे त्या शब्दाला अर्जुनाची आठवण चिकटली आहे, आणि अर्जुनाचा विषाद शस्त्र उचलण्यापूर्वीचा, अजून काही टाळता येईल अशा क्षणाचा आहे. केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीच्या युद्धविषयक कामासाठी मी 'शोक' हाच शब्द वापरेन, कारण त्यांचा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये फ्लँडर्समध्ये मारला गेला आणि त्यांच्या चित्रांतले दुःख त्या एका मुलापाशी जाऊन पोहोचते.

राहिली दोन विशेषणे. 'युद्धोत्तर' हा समास 'स्वातंत्र्योत्तर'सारखाच निर्दोष आहे, पण बेकमान यांनी हे चित्र हाती घेतले तेव्हा युद्धविराम व्हायला, म्हणजे 11 नोव्हेंबर 1918 यायला, अवकाश होता. आणि ते पूर्ण होण्यापूर्वी जानेवारी 1919 मध्ये बर्लिनच्या रस्त्यांवर रक्त सांडले होते, रोझा लुक्सेम्बुर्ग आणि कार्ल लिबक्नेख्ट या साम्यवादी नेत्यांचे खून झाले होते. 'अभिव्यक्तिवादी', म्हणजे बाह्य रूपापेक्षा आतल्या भावनेला महत्त्व देणाऱ्या कलाप्रवाहातला, हा शिक्का स्वतः बेकमान यांना मान्य नव्हता, तरी या चित्राची चर्चा त्या प्रवाहाच्या संदर्भात होते, तेव्हा 'अभिव्यक्तिवादाशी जवळीक असलेले' असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. मी ते वाक्य असे लिहीन: 'महायुद्धाने भ्रमनिरास झालेल्या पिढीचे नैराश्य व्यक्त करणारे, अभिव्यक्तिवादाशी जवळीक असलेले चित्र.'