जाहिरात मागे घेणे ही चुकीची कबुलीच असते का?

कंपनीने जाहिरात मागे घेतली म्हणजे तिला चूक मान्य आहे, असे बऱ्याचदा गृहीत धरले जाते. ते मला पटत नाही. ऑक्टोबर 2020 मधील ‘तनिष्क’ या दागिन्यांच्या ब्रँडच्या ‘एकत्वम्’ या जाहिरातीत मुस्लिम घरात हिंदू सुनेचे डोहाळजेवण चालले होते. ही रीत तुमच्याकडे नाही ना, असे सून विचारते आणि मुलीला आनंदात ठेवण्याची रीत तर प्रत्येक घरात असते, असे सासू म्हणते. बहिष्काराची हाक उठताच आधी यूट्यूबवरील प्रतिक्रिया बंद झाल्या आणि मग जाहिरातच काढली गेली. निवेदनात भावना दुखावल्याचा खेद होता, तसाच कर्मचारी आणि दुकानांतील सेवकवर्ग यांच्या हिताचा उल्लेखही होता, आणि माझ्या मते खरे कारण तेच. जाहिरातींचे स्वनियमन करणाऱ्या मुंबईच्या ‘आस्की’ या संस्थेने तर तक्रार तपासून संहितेचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा दिला होता.

याउलट मार्च 2019 मध्ये ‘सर्फ एक्सेल’ या धुण्याच्या पावडरीच्या होळीच्या जाहिरातीवर मोठा गदारोळ झाला. तीत सायकलवरची मुलगी गल्लीतले सगळे रंग स्वतःच्या अंगावर झेलते आणि मित्राला कोरड्या कपड्यांनिशी नमाजाला पोहोचवते. काही चिडलेल्यांनी नावाच्या घोळात ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल’ या ॲपलाच एक तारा देऊन राग काढला (हसू आवरत नाही!), तरी ती पावडर बनवणाऱ्या हिंदुस्तान युनिलिव्हरने जाहिरात हटवली नाही. धुण्याची पावडर प्रत्येक वाण्याकडे मिळते, त्यामुळे मोर्चा न्यायचा कोणाच्या दारात, हा प्रश्नच असतो. सराफी पेढीवर मात्र नावाची पाटी आणि काचेचा दरवाजा असतो.

जून 2022 मधील ‘लेयर शॉट’ या बॉडी स्प्रेच्या जाहिरातीचे प्रकरण मात्र या रांगेत बसवू नये. दुकानात एकट्या तरुणीमागे उभ्या चार पुरुषांचे द्व्यर्थी संवाद सामूहिक बलात्कार सूचित करणारे होते; ‘आस्की’ने चौकशी होईपर्यंत ती जाहिरात थांबवण्यास सांगितले आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर व यूट्यूबला ती काढण्याचे आदेश दिले. येथे आक्षेप आशयावर होता आणि तो नियमांच्या चौकटीत बसत होता.

आपल्याला एखादी जाहिरात खरोखर आक्षेपार्ह वाटत असेल, तर ‘आस्की’च्या संकेतस्थळावर सामान्य ग्राहकालाही तक्रार नोंदवता येते. संस्था खासगी असली तरी तिची संहिता केबल दूरचित्रवाणीच्या नियमांतच नमूद आहे, त्यामुळे टीव्हीवरील जाहिरातींना ती पाळावीच लागते.