कोकणातली कोकम बिअर आंबट, गढूळ आणि बिनफेसाची असते, म्हणजे ती नासलेली असते का?

(पूर्ण प्रश्न: जुलैमध्ये मालवणला येतोय. तिथल्या एका छोट्या ब्रुअरीबद्दल इंटरनेटवर फार वाईट वाचलं. कोकम बिअर प्यावी की नको? आणि पुण्याला घेऊन गेलो तर किती टिकेल?)

तुम्ही वाचलेला मजकूर माझ्याच ब्रुअरीबद्दल आहे, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. एक तारा आणि खाली चार वाक्यं: "बिअर आंबट. गढूळ. फेस नाही. नासलेला माल पर्यटकांच्या गळ्यात मारतात." पहिली तीन वाक्यं मला मान्य आहेत. चौथं त्या तिघांवरून काढलंय, आणि ते साफ खोटं आहे.

त्या गृहस्थांनी मागवली होती कोकम गोझ. गोझ हा जर्मनीतल्या गोस्लार गावचा, पुढे लाइपझिगमध्ये रुजलेला प्रकार. त्यात गहू, मीठ, धणे आणि लॅक्टिक, म्हणजे दह्यासारखा, आंबटपणा असतो. आंबट नसेल तर ती गोझच नव्हे. मेन्यूवर हे लिहिलेलं असतं, पण मेन्यू वाचायला कोणाला वेळ आहे!

हा आंबटपणा आपोआप येत नाही, तो मोजून आणावा लागतो. ५०० लिटरच्या घाण्याला ९५ ते १०० किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) लागतं, निम्मं गव्हाचं, निम्मं पिल्सनर, म्हणजे फिक्या बार्लीचं. ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, वर्ट (माल्टचं गोड पाणी) उतरवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं उकळायचं. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) अजून घालायचे नाहीत, कारण आंबटपणा आणणाऱ्या लॅक्टोबॅसिलस जीवाणूंना ते सोसत नाहीत. मग ३७ अंशांपर्यंत निववायचं आणि जीवाणू घालण्याआधी लॅक्टिक ॲसिडने पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.५ वर आणायचा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि पुढे रडतात. ४.५ च्या खाली बहुतेक इतर जीवाणूंना डोकं वर काढता येत नाही, आणि ज्या प्रथिनांवर फेस उभा राहतो ती थोडी तरी वाचतात. वरून कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण घालून झाकण बंद करायचं. हवा राहिली तर ओकारीसारखा वास धरतो, आणि तो पुढे कितीही उकळलं तरी पुरता जात नाही.

२४ ते ४८ तासांत पीएच ३.३ ला येतो. कोकम घालायचं असेल तर मात्र ३.५ लाच थांबवायचं, कारण कोकमाच्या सालीत स्वतःचं हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड असतं आणि त्याने आंबटपणा आणखी वाढतो. पीएच मीटर त्या दिवशी ४ आणि ७ च्या बफरला (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणाला) लावून घेतलेला हवा. मग पुन्हा खळखळून उकळलं की लॅक्टो मरतो. थोडे हॉप्स, अर्धा किलो भरडलेले धणे आणि अर्धा किलो मीठ घालायचं, थंड करून यीस्ट टाकायचं. मीठ लिटरला एक ग्रॅम, त्याहून जास्त नको. आंबवण संपली की टाकी रिकामी करून लगेच धुवायची. ३०४ ग्रेडच्या स्टीलवर मीठ आणि आम्ल पडून राहिलं तर बारीक खड्डे पडतात आणि पुढची घाण त्या खड्ड्यांत बसते.

नासलेली बिअर कशी ओळखायची, हे त्या गृहस्थांना कोणी सांगितलं नसावं. लॅक्टिक आंबटपणा जिभेवर कळतो, नाकाला झोंबत नाही. ग्लास ओठाला लागण्याआधीच व्हिनेगरसारखा झोंबला, तर हवा लागून ॲसिटिक झालंय. ती बिअर परत करा, पैसे देऊ नका. लोण्यासारखा वास म्हणजे डायॲसिटिल हे द्रव्य: एकतर यीस्टला शेवटचे दोन दिवस थोडी ऊब मिळाली नाही, नाहीतर नळापर्यंतची नळी आठवड्यांनुआठवडे धुतलेली नाही. ती नळी दर दोन आठवड्यांनी कॉस्टिक सोड्याने धुवायची असते. बऱ्याच 'खराब बिअर'चं मूळ टाकीत नसतं, या नळीत असतं. बिअर तारेसारखी ओढली गेली किंवा आत तंतू दिसले, तर पीडिओकॉकस हा जीवाणू शिरलाय. साधा गढूळपणा ही वेगळी बाब आहे. निम्मा गहू आहे, त्याची प्रथिनं आणि टॅनिन थंडीत एकत्र येऊन धूसर दिसतात, आणि यीस्ट आम्ही गाळत नाही. नव्या केगचा (बिअरच्या पिंपाचा) पहिला ग्लास तळातला गाळ घेऊन येतो, तो ओतून द्यायचा असतो. तो तुमच्यासमोर ठेवला तर बारवाल्याला झापा.

आता फेस. याबद्दल मला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागतं. आंबट बिअरमध्ये फेस मुळातच कमी धरतो. पीएच कमी, हॉप्स नावापुरते, आणि हॉप्समधली कडवट द्रव्यंच फेसाला बांधून ठेवतात. जो काही फेस उरतो तो तेल मारतं. समोर बांगडा फ्राय, ओठाला तेल, बोटांना तेल, आणि मग तक्रार की फेस बसला. त्या मजकुराबरोबरच्या फोटोत ग्लासाच्या कडेला बोटांचे ठसे स्पष्ट दिसताहेत आणि शेजारी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) ताट आहे. यावर मी काय बोलणार?

ग्लास मात्र आमची जबाबदारी. भांड्यांच्या स्पंजने, भांड्यांच्याच साबणाने ग्लास घासला की तुपाचा आणि साबणाचा पातळ थर राहतो. ग्लास स्वच्छ आहे का, हे घरीही तपासता येतं. तो आतून ओला करून मीठ भुरभुरवायचं. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, मध्ये टकलं दिसली तर तिथे तेल आहे. बिअर ओतल्यावर बुडबुडे काचेला चिकटून बसले तरी तेच समजायचं. आणि कृपा करून बर्फ मागू नका. त्याने गॅस एकदम सुटतो, वर बिअर पातळ होते.

तुम्ही जुलैत येताय म्हणून पाण्याबद्दल सांगतो. आमच्याकडचं जांभ्यातलं पाणी मऊ असतं, कॅल्शियम नगण्य. ते ५० पीपीएमच्या वर न्यायला ७०० लिटर पाण्याला साधारण १३० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लागतं. काही विहिरींत लोह असतं. ते हवा देऊन आणि वाळूतून गाळून काढलं नाही तर बिअर खिळा चोखल्यासारखी लागते. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा गोझमधलं मीठ त्या हिशेबाने कमी करायचं. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. टाकायलाच हवी, रोगराई त्याशिवाय थांबत नाही. पण ते क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलला भेटलं की दवाखान्यासारखा वास सुटतो. म्हणून प्रत्येक घाण्याआधी ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन तपासणारी चाचणी), मग कोळशाचा फिल्टर, आणि वर ७०० लिटरला पाचेक ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. जुलैत कुठल्याही छोट्या ब्रुअरीत बिअरला दवाखान्याचा वास आला, तर ही कामं झालेली नाहीत असं खुशाल समजा. माल्टचं पोतं उघडं राहिलं की दमटपणा ओढतं, नीट भरडलं जात नाही, बुरशी धरते. ते हवाबंद पिंपातच हवं. वीज गेली आणि चिलर बंद पडला तर आंबवणीचं तापमान भराभर चढतं, आणि उग्र वासाचं, घशाला जळजळणारं जड अल्कोहोल तिथे तयार होतं. जनरेटर नसलेल्याने कोकणात बिअर करू नये.

आता कोकम, कारण खरा वाद तिथे आहे. माझा एक जुना भागीदार अजून सगळीकडे सांगत फिरतो की ताज्या साली घालणं हा शौक आहे, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) ओतलं की काम झालं. स्वस्त पडतं, बारा महिने मिळतं. दोन्ही खरं आहे. पण हिशेब करा. आगळात मीठ घरोघर वेगळं. १५ टक्के धरलं तर १० लिटर आगळातून दीड किलो मीठ येतं, म्हणजे ५०० लिटरला लिटरमागे तीन ग्रॅम, हवं त्याच्या तिप्पट. पुढच्या खेपेला दुसऱ्या घरचं आगळ आलं की चव पुन्हा बदलली. शिवाय आगळ टिकतं ते त्या मिठामुळे. बिअरमध्ये ते पातळ झालं की मिठात दबून असलेले रानटी यीस्ट जागे होतात, केगमध्ये गॅस वाढतो आणि नळ उघडला की निम्मा ग्लास नुसता फेस. (ज्यांना फेस हवा त्यांनी तिकडे जावं.)

मी रतांबे (कोकमाची ताजी फळं) पाऊस सुरू व्हायच्या आत घेतो, नंतरचे पाणचट होतात. फोडून गर आणि बिया काढायच्या. बिया भिरंडेलाला (कोकमाच्या तेलाला) जातात, गरात साखर आणि रानटी यीस्ट, म्हणून तो बिअरमध्ये नको. सालींना दोन-तीन मिनिटं वाफ द्यायची आणि निवल्यावर हवाबंद पिशव्यांत गोठवायच्या. गोठल्याने पेशी फुटतात आणि रंग सहज सुटतो. ५०० लिटरला २५ किलो साली, आंबवण पूर्ण संपल्यावर, १२ अंशांच्या आसपास तीन-चार दिवस. उकळत्या वर्टमध्ये घातल्या तर लाल रंग जाऊन विटकरी होतो, कारण त्या रंगाला उष्णता आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. आमसूल वापरायला हरकत नाही, पण वाळवताना त्यालाही मिठाचे हात दिलेले असतात, तेव्हा आधी चाटून बघा आणि मीठ कमी करा. कोकम बिअर मागण्याआधी एवढंच विचारा: ताज्या साली, आमसूल की आगळ? आगळ म्हणाले तर सोलकढी मागवा, ती आगळाची उत्तमच होते.

पुण्याला न्यायचं म्हणाल तर न्यायचे नियम आधी काउंटरवर विचारून घ्या. बिअरपुरतं सांगायचं तर काठोकाठ भरलेली, घट्ट बुचाची बाटली बर्फात राहिली तर दुसऱ्या दिवसापर्यंत बरी. गाडीच्या डिकीत गरम झाली की विषारी होत नाही, पण रंग आणि चव दोन्ही जातात, आणि मग माझ्या नावाने पुन्हा एक तारा.

आणि हो, रक्तदाबामुळे मीठ बंद असेल किंवा आम्लपित्त असेल तर ही बिअर तुमच्यासाठी नाही, साधी व्हीट (गव्हाची बिअर) घ्या. तिला केळ्याचा वास येतो, तो यीस्टचाच असतो, त्याचीही तक्रार लिहू नका. एकवीस वर्षांखालचं कोणी बरोबर असेल तर त्याला कोकम सरबत मिळेल. घाट चढायचा त्या दिवशी गाडी चालवणाऱ्यालाही तेच.