पॉडकास्ट काढायचाय? माइकचं नंतर बघू

भावा, महागड्या माइकचं सोड. मोबाइल फ्लाइट मोडवर टाक, तोंडापासून वीतभर लांब धर अन् गाद्या-गोधड्यांच्या खोलीत बस. पत्र्याखाली नको, आवाज घुमतो. पंखा, कूलर बंद. मे महिन्यात परभणीत हे म्हणजे शिक्षाच, म्हणून पहाटे उरकून घे.

खरी मेहनत प्रश्नांत आहे. नवखे "तुमच्या प्रवासाबद्दल सांगा" म्हणतात, मग समोरचा भाषण ठोकतो. रझाकारांचा काळ पाहिलेल्या आजी भेटल्या तर विचार, "घर सोडताना बरोबर काय घेतलं होतं?" अन् गप्प बस. मधेमधे "हो हो, बरोबर" नको. एडिटिंगला जीव जातो. आजींचं "लई", "काहून" तसंच राहू दे, उगाच पुणेरी करू नको.

लोगो, जाहिरातदार याची घाई कशाला? रेडिओवर साध्या माणसांच्या गोष्टी सांगणारे आयरा ग्लास १९७८ साली, १९ व्या वर्षी, अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओत इंटर्न म्हणून लागले. त्यांचा गाजलेला कार्यक्रम 'धिस अमेरिकन लाइफ' शिकागोत सुरू झाला १९९५ मध्ये. मधली वर्षं टेप कापण्यात, म्हणजे एडिटिंगमध्ये, अन् बातमीदारीत गेली.

तू आधी चार-पाच भाग तयार ठेव, मगच पहिला टाक. नाहीतर दुसऱ्या भागालाच गाडी अडते.