मैदानावरचे फोटो आणि पालकांचा खिसा

प्रश्न: मी दादोजी कोंडदेव स्टेडियमवर शाळांच्या अ‍ॅथलेटिक्सचे फोटो काढतो. पालक व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घेतात, 'मस्त दादा' म्हणतात, पण प्रिंट कोणीच घेत नाही. काय करू? – एक वाचक, ठाणे

उत्तर: अहो, फुकट मिळाल्यावर विकत कोण घेणार! छोट्या साइजचं, वॉटरमार्क (फोटोवर तुमच्या नावाचा पुसट शिक्का) टाकलेलं सॅम्पल पाठवा आणि ते त्याच संध्याकाळी, कारण पोराच्या गळ्यात मेडल असतं तोवरच आईबाबा खुशीत असतात, आठवड्याने कोणाला काय पडलंय. सोबत रेट आणि यूपीआयचा क्यूआर, पैसे आधी.

आता फोटोचं. पालकांना रेस नको असते, आपलं पोरगं हवं असतं. लांब उडीला खड्ड्याच्या पलीकडे समोर, पण धावपट्टी सोडून, चक्क मांडी घालून बसा, शटर स्पीड 1/1000 सेकंदाच्या आसपास ठेवा, म्हणजे उडणारी वाळू आणि दात-ओठ खाल्लेला चेहरा दोन्ही शार्प येतात. बिब नंबर (खेळाडूच्या कपड्यावर लावलेला क्रमांक) दिसू द्या, नंतर शोधायला तोच कामी येतो.

प्रिंट 8 बाय 12 इंचच ठेवा. 8 बाय 10 मध्ये फ्रेम कापावी लागते आणि नेमके स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) जातात. 300 डीपीआयला (प्रिंटच्या दर इंचाला 300 ठिपके) 2400 बाय 3600 पिक्सेल पुरतात, त्यामुळे नवीन कॅमेरा बॉडी घ्यायची घाई नको (घरचे खूश होतील).

आणि हो, आयोजकांची लेखी परवानगी आधी घ्या. एखादी आई 'आमच्या मुलीचा नको' म्हणाली तर वाद न घालता डिलीट.